ताईच्या वहीतला आठ

पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासणं हे माझं काम. दर दोन तासांनी काठाशी ओणवं व्हायचं, कोपरभर खोलीवरून काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे पाच थेंब टाकायचे आणि रंग कसा येतो ते बघायचं. पिवळट आला तर पाणी आम्लाकडे झुकलंय, जांभळट आला तर अल्कलीकडे. मधे एक छानसा तांबूस रंग असतो, तो म्हणजे पीएच सात पूर्णांक चार. तो आला की मी रजिस्टरात आकडा लिहून सही ठोकतो. एकोणीस वर्षं हेच करतोय. या थेंबांपायी तलावावर मला सगळे थेंबेसाहेब म्हणतात. नव्या लोकांना ते माझं खरं आडनाव वाटतं. एकदा तर ते ओळखपत्रावरही छापून आलं. मी दुरुस्त करून घेतलं नाही, कारण त्यात साहेबही छापला होता.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढे मी जो गाढवपणा केला तो ऐऱ्यागैऱ्याला जमणारा नव्हता. त्याला एकोणीस वर्षांचा अनुभव लागतो.

सुरुवात न्हाव्याच्या दुकानात झाली. नंबर यायचा होता म्हणून एक फाटकं मासिक उघडलं आणि त्यात वाक्य दिसलं: माणसाच्या रक्ताचा पीएच साधारण सात पूर्णांक चार असतो. मी खुर्चीतून उठलोच. अहो, हा माझा आकडा! म्हणजे इतकी वर्षं मी ज्या पाण्याची राखण करतोय तेच पाणी माझ्या अंगात फिरतंय आणि मला पत्ता नाही. खाली लेखकानं लिहिलं होतं की अंडी, मांस, चीज, पाव यांनी शरीर आम्ल होतं, फळं आणि पालेभाज्यांनी अल्कली होतं, आणि जगातले यच्चयावत रोग आम्ल शरीराला होतात. लेखक कोण, काय शिकलेला, हे मी पाहिलं नाही. त्याच्याकडे माझा आकडा होता, तेवढं मला पुरे होतं. नंबर लागल्यावर, अर्ध्या गालाला साबण असताना, मी ते पान फाडून खिशात घातलं.

माझा हिशेब सरळ होता. तलावात दिवसभरात दोनशे माणसं डुंबतात आणि दोन तासांत पाणी बिघडतं. माझ्या अंगात तर बावन्न वर्षं अंडी आणि पाव पडताहेत, आणि आजवर एकदाही कुणी नळी बुडवून पाहिली नाही! त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानातून लघवी तपासायच्या पट्ट्या आणल्या. पट्टी ओली केली. आकडा आला साडेपाच. तलावाला साडेपाच आला असता तर मी भोंगा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं असतं. इथे बाहेर काढायला मी एकटाच होतो.

माझी बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला पुरावा लागतो. मी फळीवरच्या डब्यांना लाल आणि हिरव्या चिकट्या लावत होतो तेव्हा ती लिंबू हातात घेऊन उभी राहिली.

"याला हिरवी का? लिंबू तर आंबट असतं."

"चवीला आंबट, परिणामाला अल्कली," मी म्हणालो.

"म्हणजे तुमच्या उलट. तुम्ही बोलायला शहाणे, परिणामाला...," एवढं बोलून तिनं लिंबू जागेवर ठेवलं. वाक्य पुरं न करण्याइतकी ती सभ्य आहे.

अंड्यांना लाल, पावाला लाल. चहाला मी पिवळी चिकटी लावली, कारण चहा घेतल्याशिवाय लाल-हिरवं दिसण्याइतके माझे डोळेच उघडत नाहीत. मग मी माझं हिरवं पाणी सुरू केलं. सालासकट बटाटे, पालक, टोमॅटो, गाजर एकत्र उकळायचं, भाज्या गाळून बाजूला करायच्या आणि ते पाणी दिवसातून दोनदा प्यायचं. त्याशिवाय तीन वेळा चमचाभर खायचा सोडा. तलावाचं पाणी सावरायला आम्ही सोडाच टाकतो, फक्त पोत्यानं. मी स्वतःला चमच्यानं टाकत होतो, एवढाच काय तो संयम.

आणि काय सांगू, पी हळद हो गोरी! चौथ्या दिवशी पट्टी साडेसातवर गेली. पोट फुगलं होतं, ढेकरांनी घर दणाणत होतं, बायको शेजारच्या खोलीत झोपायला गेली होती, पण आकडा साडेसात होता.

माणूस स्वतःपुरता मूर्ख असेल तर जगाचं फारसं बिघडत नाही. मला मात्र परोपकाराची हौस.

माझी ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नखं कापण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आजही ती मला छोट्या म्हणते. भाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि ताई एकटी राहते. तिच्या किडन्या जेमतेम तीस टक्के काम करतात. तिचं घर माझ्या कामावर जायच्या रस्त्यावरच आहे. मी रोज सायकलवरून घंटी वाजवायचो, ती खिडकीतून हात करायची, आणि मी पुढे जायचो. आत किती वेळा जायचो? वर्षातून चार वेळा. पाच म्हणालो तर ते खोटं होईल.

त्या दिवशी मात्र मी आत गेलो, कारण मला ज्ञान झालं होतं. स्वयंपाकघरात भिंतीवर तिच्या किडनीच्या डॉक्टरांनी दिलेली यादी लावलेली होती. केळी बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, बटाटा अगदी थोडा. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या. माझ्या यादीत जे जे हिरवं, ते ते तिच्या यादीत बंद. माझीच यादी कुणी उलटी टांगल्यासारखी. अशा वेळी शहाण्या माणसाला आपल्या यादीची शंका येते. मला डॉक्टरांची आली.

"ताई, अगं, सगळी अल्कली मोरीत ओततेयस तू!"

"पण डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांनी एकोणीस वर्षं पाणी तपासलंय का?"

तिनं भिंतीवरच्या यादीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर."

मी तिला वही आखून दिली. सकाळची पहिली पट्टी वहीत चिकटवायची, शेजारी आकडा, खाली सही. तलावाच्या रजिस्टराचे सगळे नियम तिला समजावले. नोंद आगाऊ लिहायची नाही. खोडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर खरं काय ते लिहायचं, आणि चुकीचं कारण लिहून सही करायची. ताई सगळ्याला मान डोलावत होती. मला पाढे शिकवणाऱ्या बाईला मी शिकवत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती.

तेव्हापासून सकाळची पहिली तपासणी उरकली की नऊ वाजता मी थर्मासमधून हिरवं पाणी घेऊन तिच्याकडे जाऊ लागलो. ती चहा टाकायची. मी चष्मा लावून वही बघायचो. मग अर्धा तास गप्पा. मी लहानपणी कडू औषध कसं गुपचूप कुंडीत ओतायचो आणि ते झाड कसं मेलं, हे तिचं मला चार वेळा सांगून झालं. मीही चारही वेळा हसलो.

पहिल्या दहा-अकरा दिवसांत तिची पट्टी कधी सहा, कधी सात. मधेच ती दोन दिवस मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. खंड नको म्हणून मी आदल्या संध्याकाळी तिला मोठा थर्मास भरून दिला. तिनं तो मुकाट्यानं पिशवीत ठेवला. ती परत आली आणि चमत्कार झाला. वहीत आठ! दुसऱ्या दिवशी आठ. आठवडा झाला, पंधरवडा झाला, आठ म्हणजे आठ. माझा स्वतःचा कधी आठ आला नव्हता. मी प्रत्येक पानावर लाल शाईनं 'शाबास' लिहायला लागलो. एका पानाचा फोटो काढून तलावावरच्या प्रत्येकाला दाखवला, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना आधी.

इथे आमच्या जीवरक्षकाचा किस्सा सांगायलाच हवा. दोन वर्षांपूर्वी मी रजेवर असताना रजिस्टर त्याच्याकडे होतं. पठ्ठ्यानं पाण्याला हात न लावता नऊ दिवस सात पूर्णांक चार लिहून ठेवले. आल्या आल्या मी त्याला पकडला. पाणी कधी रोज सारखं नसतं. ऊन असतं, गर्दी असते, आकडा थोडा तरी हलतोच. त्या दिवशी मी पंपरूममध्ये स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'आकडा रोज तोच आला, तर पाणी नाही, माणूस तपासा.' ती पाटी वाचतच मी रोज सकाळी ताईकडे निघायचो.

चाळिसाव्या दिवशी माझा स्वतःचा निकाल लागला. काठाशी ओणवा झालो होतो. बोटांना आधीपासून मुंग्या येत होत्या. अचानक हाताला असा पेटका आला की बोटं एकमेकांत वळली, नळी सुटली, आणि नळीमागोमाग मी. उथळ बाजूला आज्यांचा व्यायामाचा वर्ग चालू होता. मी त्यांच्या मधोमध पालथा पडलो. कमरेइतक्या पाण्यातून मला बाहेर कुणी काढावं? त्याच जीवरक्षकानं. कॉलरला धरून. "साहेब, पाणी कसंय?" असं वर त्यानं विचारलं.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, काय काय घेता? मी अभिमानानं सगळं सांगितलं. सोड्याशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं रक्त बावन्न वर्षं सात पूर्णांक चारच्या आसपास होतं," त्या म्हणाल्या. "कुणी न सांगता. अंडी खा, पाव खा, काही खा. आम्ल जास्त झालं की थोडं फुप्फुसं श्वासातून बाहेर टाकतात, उरलेलं किडनी लघवीतून. तुम्ही सोडा घेऊन मदत करायला लागलात, तेव्हा ते पहिल्यांदा हललं."

"पण माझी पट्टी साडेसात दाखवत होती."

"पट्टी लघवीची. किडनीनं जे बाहेर फेकलं ते त्यात दिसतं. तुम्ही कचऱ्याची बादली तपासून घरातल्या फळ्यांवर काय आहे ते सांगताय."

एकोणीस वर्षांची नोकरी आणि मी बादलीचा तज्ज्ञ निघालो. त्या पुढे म्हणाल्या, भाज्या-फळं जरूर खा, तब्येतीला चांगलीच असतात, पण सोडा आजपासून बंद. मी मान डोलावली. एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तोच त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी हे करतंय का?"

"बायको नाही करत. ताई करते. तिला तर फार गुण आलाय. तिच्या किडन्या तीस टक्केच..."

बाईंचं पेन थांबलं. "त्या ते भाज्यांचं पाणी पितात?"

"दोन कप."

"अहो, त्या पाण्यात भाजीतलं सगळं पोटॅशियम उतरतं! धड किडनी ते फेकून देते. त्यांची नाही फेकू शकत. रक्तात साठलं तर हृदय बंद पडतं. म्हणून तर ते पाणी फेकायला सांगतात. आधी फोन करा त्यांना."

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. माझी पाचावर धारण बसली. सायकल तलावावर होती, म्हणून मी ओल्या बुटांनी पळत सुटलो. पोट फुगलेला बावन्न वर्षांचा माणूस पळताना कसा दिसतो ते मला माहीत आहे, वाटेत दुकानांच्या काचा होत्या. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला फक्त तिचं 'बरं, तू म्हणतोस तर' ऐकू येत होतं. मी तिला मारलं असं मी मोठ्यानं म्हणत होतो, आणि लोक बाजूला होत होते.

बेल दाबली. कुणी येईना. दार ढकलून बघितलं तर ते नुसतं लोटलेलं होतं. मी आत घुसलो.

ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. नाकावर चष्मा, समोर कपात पाण्यात विरघळवलेला सोडा, हातात चिमटा. कपात एकेक पट्टी बुडवून ती वर्तमानपत्रावर वाळत घालत होती. सहा झाल्या होत्या, सातवी चिमट्यात होती. अख्ख्या आठवड्याचे आठ एका ओळीत वाळत होते.

"आलास?" ती म्हणाली. "फोन तूच करत होतास का? हात ओले होते रे." मग माझ्या बुटांकडे बघून, "भिजलास कशानं?"

मी खुर्चीत बसलो आणि रडलो. आधी ती जिवंत आहे म्हणून. मग लक्षात आलं की मला पट्ट्यांनी बनवलंय. पाटी लावणाऱ्याला, पानोपानी 'शाबास' लिहिणाऱ्याला.

"म्हणजे तू ते पाणी कधी प्यायलीसच नाहीस?" मी हसत, नाक पुसत विचारलं.

"प्यायले ना," ती म्हणाली. "पहिले अकरा दिवस."

माझं हसू तिथेच थांबलं.

"पाय जड झाले. उठवेना. छातीत धडधडायला लागलं. तपासणीची तारीख होतीच. ठेवून घेतील असं वाटलंच होतं, म्हणून पिशवी भरूनच गेले, तर त्यांनी खरंच घरी येऊ दिलं नाही. दोन रात्री ठेवून घेतलं."

"तू मैत्रिणीकडे गेली होतीस ना?"

"तुला आणखी काय सांगणार होते?"

"आणि मी दिलेला थर्मास?"

"नर्सनं ओतून टाकला. चांगला धुऊन दिला बिचारीनं." तिनं सातवी पट्टी कागदावर ठेवली. "डॉक्टर फार रागावले. हे कुणी सांगितलं म्हणाले. मी म्हटलं, कुठेतरी वाचलं."

मी वही ओढून घेतली आणि ते दोन दिवस शोधले. दोन पट्ट्या होत्या. आठ आणि आठ. खाली तिची सही, आणि दोन्हींवर माझ्या लाल शाईत 'शाबास'. ती छातीला वायरी लावून पडली होती त्या दोन दिवसांना मी शाबासकी दिली होती.

"दुसऱ्याच दिवशी मला का नाही सांगितलंस, ताई? चांगली कानफटात मारायचीस."

ती उठली. कप मोरीत उपडा केला, चिमटा धुतला, हात पुसले. पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलली.

"रोज येत होतास रे. तुझे भाऊजी गेल्यापासून सकाळी या घराची बेल वाजली नव्हती. पट्ट्या बंद झाल्या असत्या, तर तू परत घंटी वाजवून पुढे गेला असतास."

मी नाही म्हणणार होतो. पण एकोणीस वर्षांत खोटा आकडा कधी लिहिला नाही, तो आता तोंडानं कसा सांगू? ती म्हणाली तेच खरं होतं. मी पुढे गेलो असतो.

मी खिशातून पेन काढलं. वहीतल्या त्या दोन पट्ट्यांवर नियमाप्रमाणे एक एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'दवाखाना.' कारणाच्या जागी लिहिलं, 'मी.' माझ्या 'शाबास'वरही रेघ मारली आणि सही केली. ताई खांद्यावरून वाकून बघत होती.

वाळलेल्या सातही पट्ट्या मी केराच्या डब्यात टाकल्या. मग वहीचं कोरं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. "यात आता उद्यापासून एवढंच लिही. छोट्या नऊला आला."

तिनं पेन हातात घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशात परत खोचलं.

"आधी ये," ती म्हणाली. "मग लिहीन. आगाऊ नोंद करायची नाही, तूच सांगितलंयस."